सफारी, शहर आणि मोहाचे झाड

‘सफारी’ हा शब्द आपल्याकडे दोन वाटांनी आला. एक वाट शिंप्याच्या दुकानातून आली. माझे वडील शिंपी होते. सत्तरच्या दशकात ज्याला त्याला सफारी सूट हवा असे. ओव्हरसियरला हवा, ग्रामसेवकाला हवा, नवरदेवाला तर हवाच हवा. अब्बांनी असे किती सूट शिवले असतील याची गणती नाही, पण हा अंगरखा आफ्रिकेच्या जंगलात शिकारीसाठी निघालेल्या गोऱ्या साहेबांच्या पोशाखावरून घेतलेला आहे, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांना फक्त त्याचे चार खिसे ठाऊक होते.

दुसरी वाट भाषेची. ‘सफर’ हा शब्द अरबी. तो फारसीतून उर्दूत आणि मराठीत आला, आणि आपण तो इतका आपलासा केला की ‘जंगलाची सफर’, ‘गडकोटांची सफर’ म्हणताना तो परका वाटतच नाही. हाच अरबी शब्द समुद्रमार्गे पूर्व आफ्रिकेत गेला, तिथल्या स्वाहिली भाषेत ‘सफारी’ झाला. स्वाहिलीत त्याचा अर्थ प्रवास, एवढाच. मग इंग्रजांनी तो उचलला आणि त्याला बंदूक चिकटवली. १९०९-१० साली अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मोठा लवाजमा घेऊन आफ्रिकेत शिकारीला गेले, तेव्हा हा शब्द जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकला. बंदुकीच्या जागी पुढे कॅमेरा आला. आता आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या मोहर्लीच्या फाटकावर भल्या पहाटे उभी राहिलेली एखादी आजी शेजारणीला विचारते, “तुमची सफारी सकाळची का दुपारची?” सफरीची सफर ही अशी झाली.

हे सगळे आठवण्याचे कारण म्हणजे हल्ली प्रवासी कंपन्यांनी रूढ केलेला एक प्रकार. आठ-दहा दिवसांच्या एकाच सहलीत तीन गोष्टी गुंफायच्या: थोडे जंगल, थोडे शहर आणि थोडा वाइनचा मुलूख. दक्षिण आफ्रिकेत हे फार वर्षांपासून चालते. क्रूगरच्या अरण्यात सिंह, केपटाउन शहरात टेबल पर्वत आणि मग स्टेलनबॉशच्या द्राक्षबागा. आपल्या महाराष्ट्रातही अशी सहल आखता येते. नाशिकला द्राक्षमळे, मोहर्लीला वाघ, आणि नागपूर-मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाल्यापासून मधले अंतर दिवसाभराचे राहिले आहे. शहर म्हणून बहुतेक जण नागपूर दाखवतात. मी या भागातला माणूस. मला वाटते, या सहलीचे तिन्ही धागे चंद्रपूर-गडचिरोलीतच सापडतात. जंगल आहे, शहर आहे आणि मद्याचा मुलूखही आहे. फक्त तिसऱ्याचे नाव घेताना लोक जरा इकडे तिकडे बघतात.

आधी जंगल.

मार्गदर्शकासह जंगलाची सहल विकण्याचा धंदा आपल्याकडे व्याघ्रप्रकल्पांनंतर सुरू झाला, असा एक समज आहे. तो त्याहून जुना आहे आणि त्याचे एक ठाणे आमच्या विदर्भातच होते. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून १९५१ साली बी.ए. झालेल्या एका तरुणाने ‘ॲल्विन कूपर’ नावाची कंपनी काढली. मध्य भारतातल्या जंगलांत मोठ्या जनावरांच्या शिकारीच्या आणि छायाचित्रणाच्या मोहिमा आखून देणे, हा तिचा व्यवसाय. हे तरुण म्हणजे विद्याचरण शुक्ल. पुढे ते खासदार झाले आणि आणीबाणीच्या काळात देशाचे माहिती व नभोवाणी मंत्री. नभोवाणीवरच्या भाषणात त्यांचे नाव अशा निमित्ताने यावे, याची मला गंमत वाटते. त्या काळी जंगलाचे ‘ब्लॉक’ पाडलेले असत, ठरावीक दिवसांचा परवाना मिळे, आणि तंबू, आचारी, हाकेकरी, मचाण ही सारी व्यवस्था कंपनी करी. पाहुणा येई, वाघ मारी, कातडे घेऊन जाई. हाकेकरी आसपासच्या गावांतले गोंड-माना असत. वाघाचा माग त्यांना कळे, पाहुण्याला नव्हे. आज जिप्सीत पुढे बसलेला गाइड मातीतला पंजा पाहून “नुकतीच गेली हो, पाच मिनिटं झाली असतील” म्हणतो, तेव्हा त्याच्या आजोबांची विद्या बोलत असते.

१९७० च्या सुमारास वाघाच्या शिकारीवर बंदी आली. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्याच वर्षीच्या गणनेत देशात १८२७ वाघ उरल्याचे निघाले आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. ताडोबाचा क्रम मात्र थोडा वेगळा आहे. इथे शिकार १९३५ सालीच थांबवली होती. १९५५ मध्ये ११६.५५ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले, ते महाराष्ट्रातले सर्वांत जुने. १९८६ मध्ये शेजारी अंधारी अभयारण्य झाले, आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्प. मेळघाटानंतरचा राज्यातला दुसरा. मोहर्ली हे त्याचे सर्वांत गाजलेले प्रवेशद्वार, चंद्रपूरहून साधारण तीस किलोमीटरवर, इरई धरणाच्या पाण्याच्या काठाला.

हा रस्ता एकदा डोळे उघडे ठेवून जावा असा आहे. चंद्रपूर सोडले की आधी महाऔष्णिक वीज केंद्राची धुराडी दिसतात, मग कोळशाच्या उघड्या खाणी, खाणीतून काढलेल्या मातीचे डोंगर, आणि मग एकाएकी साग आणि बांबू. मोहर्लीच्या काठावर पक्षी पाहायला लोक दुर्बिणी घेऊन बसतात, ते पाणी मुळात त्या वीज केंद्रासाठी अडवलेले आहे. पत्रकांत या पाण्याचे फोटो असतात; धुराड्यांचे नसतात. मला दोन्ही एकाच चित्रात हवी होती. मुंबई-पुण्याहून आलेल्या पाहुण्याच्या घरात दिवा लागतो, त्यातला काही उजेड इथूनच गेलेला असतो.

ताडोबा हे नाव आले ते तारू किंवा ताडोबा या देवावरून. तारू हा गावचा प्रमुख होता, वाघाशी झुंजताना तो मेला, आणि तलावाच्या काठी झाडाखाली त्याचे ठाणे झाले, अशी कथा आदिवासी सांगतात. पौष महिन्यात तिथे जत्रा भरे. आता हे ठाणे राखीव क्षेत्राच्या आत आहे, आणि जत्रेवर बंधने आली आहेत. मला या कथेत एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. देव झाला तो मेलेला माणूस, पण त्याच्या नावाने राखले गेले ते वाघाचे रान. माणूस आणि वाघ यांच्यात वैर आहे की नाते, या प्रश्नाला तिथल्या लोकांनी आपल्या रीतीने दिलेले हे उत्तर आहे, आणि ते वनखात्याच्या कोणत्याही फलकापेक्षा जुने आहे.

रान राखायचे म्हणजे त्यातली माणसे हलवायची, हा पुढचा अध्याय. बोटेझरी, कोळसा, नवेगाव (रामदेगी), जामणी, पळसगाव-सिंगरू, रानतळोधी ही गावे आतली. यातली काही पूर्ण उठली, काही अर्धी. मोबदला मिळाला, बाहेर घरे मिळाली, शाळा आणि दवाखाना जवळ आला, हे खरे आहे. विस्थापितांत समाधानी माणसेही मला भेटली आहेत. एक म्हातारे गृहस्थ मात्र म्हणाले होते, “घर तं मिळालं जी, पण मोहाची झाडं कुठं मिळाली?” त्यांच्या वाटणीची सात-आठ झाडे आत राहिली. मोहाची झाडे घराण्याघराण्यांत वाटलेली असतात, हे मला तोवर ऐकून माहीत होते. ती गेल्याचे दुःख कसे असते ते तेव्हा दिसले. जिथे जामणी होती तिथे आता गवताचे मोकळे रान आहे. हरणे तिथे चरतात, आणि हरणांच्या मागे वाघ येतो. पर्यटकांना ती जागा फार आवडते.

२०१२ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातले पर्यटन काही काळ थांबवले होते. ऑक्टोबरात नियम घालून ते पुन्हा सुरू झाले. त्या तीन महिन्यांत निदान एक गोष्ट साऱ्यांना उमगली: वाघ दाखवण्यावर आता हजारोंची चूल पेटते. मोहर्लीत आज गाइड आहेत, जिप्सीचालक आहेत, खानावळी आणि निवासस्थाने आहेत. गाइडांत बायकाही आहेत. २०१० साली प्रकल्पाभोवती बफर क्षेत्र जाहीर झाले, आगरझरी, देवाडा, जुनोना अशी आणखी फाटके उघडली, आणि सफारीचा पैसा काही गावांपर्यंत झिरपू लागला. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ निघाले. चंद्रपूर जिल्ह्याचा त्यात मोठा वाटा आहे आणि त्याची किंमतही हाच जिल्हा मोजतो. त्याकडे मी येईन.

आता शहर. चंद्रपूर हे ‘साइट सीइंग’चे शहर आहे, असे चंद्रपूरकरांनाही फारसे वाटत नाही. उन्हाळ्यात पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीसवर गेला की या शहराचे नाव बातम्यांत येते, तेवढीच त्याची प्रसिद्धी. पण पर्यटकाला अर्धा दिवस दिला तर मी त्याला जटपुरा दरवाजापाशी उभे करीन. वर पाहा म्हणेन. हत्तीवर स्वार झालेला सिंह कोरलेला दिसेल. ती गोंड राजांची खूण. सिरपूरहून बल्लारपूरला आणि तिथून चंद्रपूरला, असा त्यांच्या राजधानीचा प्रवास. पंधराव्या शतकातल्या खांडक्या बल्लाळशाहाला अंगभर गाठी होत्या, झरपट नदीतल्या पाण्याने त्या गेल्या, तिथे अंचलेश्वराचे देऊळ झाले; मग एका सशाने राजाच्या कुत्र्याचा पाठलाग केला, आणि ज्या वाटेने ससा धावला त्या वाटेवर परकोट उभा राहिला, ही आख्यायिका चंद्रपूरच्या पोराटोरांना पाठ असते. चार दरवाजे: जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर. पाच खिडक्या: बगड, हनुमान, विठोबा, मसण आणि चोर. चोर खिडकी ही माझी आवडती. दरवाजांचा इतिहास राजे लिहितात, खिडकीचा इतिहास शहर स्वतः लिहिते.

गोंडांचे राज्य म्हणजे जंगलातली टोळी, असे ज्यांना वाटते त्यांनी अबुल फजलची ‘आइन-ए-अकबरी’ पाहावी. अकबराच्या या दरबारी ग्रंथात चांद्याच्या गोंड अधिपतीच्या फौजेची नोंद आहे, आणि वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचीही. वैरागड म्हणजे आजच्या गडचिरोली जिल्ह्यातले, आरमोरी तालुक्यातले. दिल्ली-आग्र्याला इथल्या हिऱ्यांची खबर होती. अठराव्या शतकाच्या आरंभी बीरशाहाचा खून झाला आणि राणी हिराईने कारभार हाती घेतला. महाकालीचे आजचे देऊळ तिचे, आणि अंचलेश्वराजवळची बीरशाहाची भव्य समाधीही तिचीच. बायकोने नवऱ्यासाठी बांधलेली ही वास्तू. ताजमहाल पाहून आलेल्यांना मी ती मुद्दाम दाखवतो आणि काही बोलत नाही.

पुढचे भराभर सांगतो. १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी चांदा घेतले. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजी तोफांनी परकोट फोडला. १८५४ मध्ये सारे नागपूर राज्य कंपनीच्या पदरात पडले. १८५८ मध्ये मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी गोंड तरुणांची फौज उभारून इंग्रजांना झुंजवले, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली. त्या तुरुंगात आणखी एक जागा आहे: गैबीशाह वलींचा दर्गा. एरवी आत जायला गुन्हा करावा लागतो. मोहरमच्या दिवसांत मात्र दार उघडते, आणि हिंदू, मुसलमान, बौद्ध, आदिवासी, सारे रांगेने तुरुंगात शिरतात आणि रांगेने बाहेर येतात. जगातल्या कोणत्या शहराच्या मार्गदर्शित सहलीत असे स्थळ आहे, मला सांगा.

दीक्षाभूमीही याच शहरात आहे. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे दीक्षा दिली. आणि चैत्रात महाकालीला नांदेडकडून, तेलंगणातून जे यात्रेकरू लोटतात, झरपटच्या काठी चुली मांडतात, ती या शहराची सर्वांत जुनी पर्यटक मंडळी. त्यांना पत्रक लागत नाही. परकोट मात्र बरीच वर्षे झाडाझुडपांत आणि कचऱ्यात बुडाला होता. २०१७ पासून ‘इको-प्रो’ या स्थानिक संस्थेच्या तरुणांनी महिनोन्‌महिने श्रमदान करून तो मोकळा केला, म्हणून आज पाहुण्याला त्यावरून चालवत नेता येते.

तिसरा धागा मद्याचा. याला जरा वेळ देतो, कारण बोलण्यासारखे खरे इथेच आहे. आधीच सांगून टाकतो की मी पीत नाही. धर्माने नाही आणि सवयीनेही नाही. पण उर्दूत रियाज खैराबादी नावाचे मोठे शायर होऊन गेले. त्यांनी थेंबभरही न पिता आयुष्यभर मद्यावर शायरी केली. मला तर केवळ एका भाषणापुरते त्या विषयावर बोलायचे आहे.

महाराष्ट्रातली वाइन ही अगदी अलीकडची गोष्ट आहे. ऐंशीच्या दशकात नारायणगावला इंडेज कंपनीने फेसाळणारी वाइन काढली, ती युरोपात विकली, आणि तिचे नाव ठेवले ‘ओमर खय्याम’. माधव जूलियनांनी खय्याम मराठीत आणला होता. जुन्नर तालुक्याने तो बाटलीत भरला. नाशिकला ‘सुला’ची वाइनरी २००० च्या सुमारास सुरू झाली. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, उत्पादन शुल्कात सूट दिली, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क आखले. पुढे वाइन चाखायच्या खोल्या आल्या, संगीत महोत्सव आले, आणि नाशिकची ओळख कुंभमेळ्याबरोबर वाइनशीही जोडली गेली. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. वाइन म्हणजे दारू नव्हे, ती शेतकऱ्याचे उत्पन्न आहे, असा युक्तिवाद त्या वेळी आपण सर्वांनी ऐकला.

तो युक्तिवाद ऐकताना मला मोह आठवत होता.

मोहर्ली म्हटले की माझ्या कानाला आधी मोहच ऐकू येतो. फाल्गुन-चैत्रात या झाडाची पाने गळतात, आणि मग पहाटेच्या अंधारात मोत्याच्या रंगाची, रसाने फुगलेली फुले टपटप पडू लागतात. उन्हे वर येईतो पडतच असतात. ती वेचायची, अंगणात वाळवायची आणि वर्षभर पुरवायची. मोहाची भाकरी होते, लाडू होतात, भाजून खातात, जनावरांना घालतात. फळाच्या बियांचे तेल निघते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मध्य प्रांतात पाठोपाठ दोन मोठे दुष्काळ पडले, १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे. तेव्हा रानाजवळच्या माणसांना जगवले ते या फुलांनी. आणि हो, दारूही निघते. वाळलेली फुले माठात काही दिवस भिजत घालायची, आंबली की भांडे चुलीवर चढवायचे आणि वाफ थंड करून थेंब थेंब उतरवायचे. ‘पहिल्या धारेची’ हा आपला मराठी वाक्प्रचार याच भट्टीतून आला आहे. तो वापरणाऱ्या कितीतरी सोवळ्या माणसांना याचा पत्ता नाही. गोंडांच्या घरी जन्माला, लग्नाला, मरणाला आणि देवाला मोहाची धार लागते. देवापुढे आधी जमिनीवर थेंब सांडतात, मग माणसे पितात.

इंग्रजांना या झाडाचा त्रास झाला तो निराळ्या कारणाने. दारूवरचा कर हे सरकारच्या उत्पन्नाचे मोठे साधन होते, आणि जो माणूस आपल्या अंगणात फुकट दारू काढतो तो सरकारी ठेक्याच्या दुकानात कशाला जाईल? मुंबई इलाख्यात १८७८ मध्ये अबकारी कायदा झाला आणि १८९२ मध्ये तर ‘मोहा कायदा’. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले गोळा करण्यावर आणि बाळगण्यावर त्याने बंधने आणली. दारूवर नव्हे, फुलांवर! झाडावरून पडलेले फूल उचलणे हा गुन्हा ठरवणारे सरकार किती धास्तावलेले असेल, याची कल्पना करा. पुढे स्वातंत्र्य आले, गांधीविचाराने दारूबंदी आली, आणि १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही मोहफुलांसाठी वेगळी कलमे राहिली. राज्यकर्त्यांचा हेतू बदलला होता, महसुलाच्या जागी नीती आली होती. फुलांची टोपली घेऊन निघालेल्या बाईला दिसणारा शिपाई मात्र तसाच होता.

इथवर ऐकून कोणाला वाटेल की मी मोहाच्या दारूची वकिली करतो आहे. तसे नाही. याच मुलखातल्या बायकांनी दारूविरुद्ध जो लढा दिला, तो मी पाहिला आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत काम सुरू केले त्या काळात तिथे दारूमुक्तीची चळवळ उभी राहिली आणि १९९३ मध्ये त्या जिल्ह्यात दारूबंदी आली. चंद्रपूरच्या बायकांनी पारोमिता गोस्वामींच्या ‘श्रमिक एल्गार’बरोबर चिमूरहून नागपूरपर्यंत पायी मोर्चा नेला तो २०१० साली. १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपूर जिल्ह्यातही बंदी झाली. नवऱ्याची मजुरी गुत्त्यात जाते, मार घरी येतो, हे त्या बायकांचे अनुभवाचे बोल होते. त्यांच्या रागासमोर कवीने परंपरेचे गोडवे गाऊ नयेत. पण त्यांच्यातल्याच काही बायका मला हेही सांगत की घर बुडते ते दुकानातल्या बाटलीने. सणाला देवापुढे सांडलेल्या धारेने नव्हे. कायद्याला हा फरक करता आला नाही. बंदीच्या सहा वर्षांत बाहेरून चोरटी बाटली येतच राहिली. २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने चंद्रपूरची बंदी उठवली. त्याच वर्षी राज्याने मोहफुले गोळा करण्यावरची आणि त्यांच्या वाहतुकीवरची बंधने सैल केली. शेजारी मध्य प्रदेशाने तर आणखी पुढे जाऊन आदिवासींच्या मोहाच्या दारूला ‘वारसा मद्य’ ठरवून तिची रीतसर बाटली बाजारात आणली.

आता आपल्या सहलीच्या पत्रकाकडे वळा. नाशिकच्या वाइनरीत पाहुण्याने एक बाटली विकत घेतली. समृद्धीवरून गाडी निघाली. वर्धा जिल्ह्यात शिरली की ती बाटली अडचणीची, कारण गांधीजींच्या या जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे. नागपुरात ती पुन्हा सभ्य. नागपूरहून चंद्रपूरकडे येताना जाम-हिंगणघाट लागते, म्हणजे परत वर्धा, परत अडचण. वरोऱ्याला चंद्रपूर जिल्हा लागला की २०१५ ते २०२१ या काळात गुन्हा, आता नाही. आणि मोहर्लीहून उत्साहाच्या भरात कोणी वैनगंगा ओलांडून गडचिरोलीला गेला, तर पुन्हा गुन्हा. एवढ्या प्रवासात बाटली तीच, माणूस तोच. या सगळ्या वाटेवर दोन्ही बाजूंना मोहाची झाडे उभी असतात आणि चैत्रात त्यांच्याखाली फुलांचा सडा पडलेला असतो. वाइनचा मुलूख पाहायचा म्हणजे द्राक्षाच्या ओळी पाहायच्या, असे आपण ठरवून टाकले आहे, म्हणून तो सडा कोणाच्या पत्रकात नाही.

माझ्या मनातली मोहर्लीची सहल अशी असती की गाइडाने वाघाच्या आधी मोह दाखवावा. हे झाड कोणाच्या वाटणीचे ते सांगावे. मोहाचे लाडू खायला द्यावेत. धार कशी काढतात ते ज्याला ऐकायचे त्याला ऐकवावे. काही ठिकाणी तसे प्रयत्न होतातही. मोहाचे लाडू आणि सरबत बचत गटांच्या बायका विकू लागल्या आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वनवासींचा हक्क मान्य केला, आणि तीन वर्षांनी गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने सामूहिक वनहक्क मिळवून देशाला वाट दाखवली. म्हणजे कागदाने फूल परत दिले आहे.

पण ते उचलायला रानात जावे लागते. मघाशी जी किंमत म्हटली ती हीच. मोह गळतो मार्च-एप्रिलमध्ये, त्यापाठोपाठ मे महिन्यात तेंदूपानांचा हंगाम. नेमक्या याच दिवसांत पाणी आटलेले असते, झाडी विरळ झालेली असते आणि वाघ सहज दिसतो, म्हणून सफारीचाही भर हंगाम हाच. पहाटे मोहर्लीच्या फाटकावर जिप्सींची रांग लागते, आणि त्याच वेळी बफरमधल्या गावांतून बायका टोपल्या घेऊन निघतात. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. असे एकेकटे मृत्यू दर हंगामात होतात आणि आतल्या पानावर छापून येतात. वनखाते गावोगाव सांगते की उजाडल्याशिवाय जाऊ नका, गटाने जा, एकीने उभे राहून पाहारा करा. सल्ला योग्य आहे. अडचण अशी की उजाडल्यावर गेले तर फुले गुरांनी आणि अस्वलांनी खाल्लेली असतात.

जिप्सीतल्या पाहुण्याला गाइड पहिली सूचना देतो ती खाली न उतरण्याची. उभ्या माणसावर वाघ सहसा येत नाही. वाकलेला किंवा बसलेला माणूस त्याला चार पायांचे जनावर वाटतो, असे रानातली माणसे सांगतात. मोहाचे फूल मात्र वाकल्यावाचून वेचता येत नाही.